उस्ताद दसूकींची निळी पेन्सिल

उस्ताद दसूकींचं स्वतःचं नाव कुठल्याही सिनेमात कधी आलं नाही. दुसऱ्यांची मात्र त्यांनी जन्मभर लिहिली. कैरोच्या शुब्रा भागातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ते राहायचे, आणि त्यांच्या दारासमोर आमचं दार. यजमानांची तिथली नोकरी दोन वर्षांची म्हणून आम्ही आलो आणि तेवीस वर्षं राहिलो. त्यामुळे मी सांगते आहे त्यातलं ऐकीव फार थोडं आहे.

सिनेमाच्या सुरुवातीला जी नावं येतात ती त्या काळी हाताने लिहीत. पांढऱ्या जाड पुठ्ठ्यावर काळ्या शाईने एकेक नाव लिहायचं, पुठ्ठा कॅमेऱ्यापुढे लावायचा, आणि पुढे फिल्म उलटवली की पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं उमटायची. उस्ताद बोरूने लिहीत. त्यांचं अलिफ, म्हणजे अरबीतलं पहिलं अक्षर, असं उभं राही की गवंड्याने ओळंबा लावून बघावा. स्वतः मात्र बुटके, गोल, आणि सदा काहीतरी शोधत असलेले. चष्मा कपाळावर आणि हात खिशात चष्म्यासाठी.

अक्षरं लिहिण्याआधी पुठ्ठ्यावर रेघा आखाव्या लागत, त्या फिक्या निळ्या पेन्सिलीने. निळ्याच का, तर नावांसाठी जी फिल्म वापरत तिला निळा रंग दिसायचा नाही. तिच्या लेखी निळं आणि पांढरं एकच. रेघा पुसत बसायला नको. या सोयीमुळे स्टुडिओतले लोक पुठ्ठ्यावरच निळ्याने निरोप लिहायचे. 'हे नाव आधी घे', 'कोपरा वाकलाय', 'चहा सांगितला का'. पडद्यावर काही यायचं नाही, त्यामुळे कोणाला त्याचं काही वाटायचं नाही.

लिहिलेले पुठ्ठे उस्ताद गच्चीवर वाळत ठेवत. एकदा मी माझ्या कुरडया बघायला गेले, तर शेजारी ओळीने सिनेमातली सगळी मोठी माणसं ऊन खात पडलेली. फत्तूह नावाचा एक ढेरपोट्या विनोदी नट तेव्हा फार चालायचा. त्याच्या नावाखाली मुंगीएवढ्या अक्षरांत निळ्याने काहीतरी लिहिलं होतं. मला अरबी लिपी नुकतीच जुळवून वाचता यायला लागली होती, आणि जुळवून वाचणारा माणूस मोठ्याने वाचतो. मी वाचलं, "हे परमेश्वरा, याला हसवायची ताकद दे, आणि जेवताना थांबायचीही."

मागे उस्ताद उभे होते. त्यांनी ओठावर बोट ठेवलं.

मग त्यांनी सांगितलं. त्यांचे गुरू शेख इम्बाबी मशिदीजवळच्या शाळेत अक्षर शिकवायचे. दसूकींना सिनेमाचं काम मिळालं तेव्हा इतरांनी नाकं मुरडली, शेखांनी नाही. त्यांनी एकच अट घातली. कोणाचं नाव लिहिणं म्हणजे त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवणं. हात ठेवलास तर त्याच्यासाठी काही माग, आणि मागितलंस ते त्याला कळू देऊ नकोस. उस्तादांनी शब्द दिला. पण अक्षरांची मापं मोजता मोजता मनातली दुआ राहून जायची, म्हणून ते ती निळ्याने लिहून टाकू लागले. लिहिली म्हणजे मागितली, आणि दिसणार तर नाहीच.

"वाचलंस ते विसर, बहिणी," ते म्हणाले. मी विसरले नाही, पण बोललेही नाही. गुप्तदानाचं पुण्य आपल्याकडेही मोठंच मानतात.

त्यांच्या बायकोलाही हे ठाऊक नव्हतं. तिला सगळे उम्म रावया म्हणत, म्हणजे रावयाची आई. कोणाच्या घरी काय शिजतंय हे जिन्यातून वर येता येता वासावरून सांगणारी बाई. तिला सत्तावीस वर्षं पत्ता लागला नाही, यावरून उस्ताद किती जपत ते समजा.

तर चौसष्ट साली रंग आला. तसे रंगीत सिनेमे आधीही दोनचार झाले होते, पण आमच्या उस्तादांच्या वाट्याला तो तेव्हा आला. ज्यांच्याकडे ते काम करत त्या निर्मात्याचं नाव हाज बस्तवीसी. आवाज असा की एका दालनात बोलले तर पलीकडच्या दालनातलं चित्रीकरण थांबायचं. त्यांनी पहिला संपूर्ण रंगीत सिनेमा काढला आणि उस्तादांना बोलावून सांगितलं की माझा भाचा रोमहून शिकून आलाय, तो छापील अक्षरं लावून नावं करतो, त्याला हात लागत नाही की बोरू लागत नाही. तरी जुना माणूस म्हणून हा एक सिनेमा तुला देतो. ईदच्या पहिल्या खेळाला लोकांनी नावं बघून वा म्हटलं तर पुढचे सगळे तुझे. नाहीतर भाचा आहे, आणि तुझ्यासाठी बाजारात दुकानांच्या पाट्या आहेत.

उस्तादांचं वय छप्पन्न. पाटी रंगवायला शिडीवर चढावं लागतं, आणि उस्तादांना स्टुलावर उभं राहिलं तरी गरगरायचं. म्हणजे हा सिनेमा साधला तर हातात बोरू राहणार, नाही साधला तर संपलं.

पुढचे दोन महिने आमच्या मजल्यावर जे चाललं त्याला लग्नघर म्हणावं. उस्तादांनी आयुष्यात एक काळा आणि एक निळा एवढेच रंग वापरलेले. आता घरात रंगाच्या बाटल्या, वाट्या, कुंचले. नळाखाली भांडी घासली की पाणी जांभळं. उम्म रावयाच्या पांढऱ्या मांजरीची शेपटी महिनाभर हिरवी होती. त्यात नटनट्यांचे निरोप. नायक अदहम सिर्रीने कळवलं की लाल रंग फक्त माझ्या नावाला, दुसऱ्या कोणाला लाल दिलात तर मी सिनेमाच्या जाहिरातीला उभा राहणार नाही. मग सिनेमाचंच नाव लालात लिहायचं होतं त्याचं काय, यावर तीन दिवस खल झाला. शेवटी सिनेमाला डाळिंबी आणि अदहमला लाल, असं ठरलं. नायिका नवारा हिल्मीने जांभळा मागितला. फत्तूहने सांगून पाठवलं, मला कोणताही द्या, पण वांग्याचा नको, त्याने भूक लागते.

उम्म रावया प्रत्येक रंगावर मत द्यायची. जांभळा तिला शोकाचा वाटायचा, हिरवा दर्ग्यावरचा. उस्ताद ऐकून घ्यायचे आणि आपल्याला हवं ते करायचे. पुठ्ठेही आता पांढरे नव्हते. बदामी, पिस्त्याचे, फिके गुलाबी, त्यावर भरदार रंगीत अक्षरं. मी गच्चीवर बघून आले तेव्हा खरंच डोळ्यांचं पारणं फिटलं. आणि प्रत्येक नावाखाली, नेहमीप्रमाणे, निळी मुंगीअक्षरं. मीही बघितली आणि कुरडया उचलून खाली आले. माझ्या डोक्यात काही आलं नाही. सत्तावीस वर्षं जे दिसत नाही ते दिसत नाहीच, असं मीही धरून चालले होते.

पुठ्ठ्यांचं चित्रण करणारा वहबा हा उस्तादांचा जुना जोडीदार. तो कॉप्ट, म्हणजे तिथला ख्रिस्ती, यांचा शुक्रवार तर त्याचा रविवार, पण चहा एकाच पेल्यातला. त्याने नंतर कपाळावर हात मारत मला सांगितलं की कॅमेऱ्यातून बघताना मी म्हटलं होतं, उस्ताद, निळं दिसतंय. उस्ताद म्हणाले, ते येत नाही. मी म्हटलं, हो, ते येत नाही. आणि आम्ही चहा प्यायलो. फिल्म रंगीत आहे, तिला सगळे रंग दिसतात, त्यासाठीच एवढा खटाटोप चाललाय, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

रंगीत फिल्म धुवायला तेव्हा परदेशी पाठवत. ती परत आली ईदच्या आदल्या दिवशी. सेन्सॉरने आधी बिनरंगाची कच्ची प्रत बघितली होती आणि नावं टाइप केलेल्या कागदावर. तेव्हा तो निळा मजकूर थिएटरच्या पडद्यावर पडेपर्यंत कोणाच्याही नजरेस पडला नाही.

रमजान ईदच्या सकाळी दहाचा पहिला खेळ. ईदची नमाज झालेली, महिन्याभराचे रोजे संपलेले, पोरं नव्या कपड्यांत, बायकांच्या पिशव्यांत साखर पेरलेली ईदची बिस्किटं. खाली स्वस्त बाकांवरची मंडळी भोपळ्याच्या बिया फोडत बसली होती. ही मंडळी पडद्याशी बोलायला पैसे देऊन येतात. वर बाल्कनीत पहिल्या रांगेत नटनट्या, हाज बस्तवीसी आणि त्यांचा रोमचा भाचा. तिसऱ्या रांगेत उस्ताद, उम्म रावया आणि मी.

दिवे गेले, तुताऱ्या वाजल्या. बदामी पडद्यावर डाळिंबी अक्षरांत सिनेमाचं नाव उमटलं आणि सगळं थिएटर खरोखर वा म्हणालं. उस्तादांनी इतका मोठा श्वास सोडला की पुढच्या बाईची ओढणी हलली.

मग आलं नवारा हिल्मीचं नाव, पिस्त्याच्या रंगावर जांभळं. आणि नावाखाली, एकेक अक्षर भाकरीएवढं, स्वच्छ आभाळी निळ्या रंगात: 'हे परमेश्वरा, हिला रात्रीची झोप दे.'

बिया फोडायच्या थांबल्या. मग खालून कुठूनतरी एका म्हातारीचा आवाज आला, "आमीन."

पुढचं नाव अदहम सिर्री, लालभडक, तसं बघण्यासारखं. खाली: 'हे परमेश्वरा, याला टांटा गावी जाऊन आईला भेटायची बुद्धी दे.' स्वस्त बाकांवरून एकाने सांगितलं की दुपारची दोनची गाडी आहे, अजून मिळेल. दुसरा म्हणाला, बिस्किटं घेऊन जा, रिकाम्या हाताने जाऊ नको. आणि मग सगळ्यांनी मिळून आमीन म्हटलं.

फत्तूहच्या नावाखाली पुन्हा जेवणाचीच दुआ होती, हसण्यात ती नीट वाचताही येईना. तो स्वतः उभा राहून पोटावर हात फिरवत आमीन म्हणाला. मग आला संगीतकार. 'हे परमेश्वरा, याला एखादी स्वतःची चाल सुचू दे.' नेमकी तेव्हा वाजत होती ती चाल खालच्या एकाने मूळ गाण्याच्या शब्दांत म्हणून दाखवली. मला सांगायला लाज वाटते, पण माझ्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मी हसले. मागची मुलं बाकांवर उभी राहिली होती. बायका एकमेकींच्या मांडीवर थापा मारत होत्या. एकेक नाव येई, क्षणभर सगळे वाचत, आणि मग हजार माणसांची आमीन. मशिदीतून आलेलीच माणसं ती, सूर अजून गळ्यात होता.

दिग्दर्शकासाठी कमी बोलण्याची दुआ होती, रंगभूषावाल्यासाठी मुलगी नांदण्याची. त्या वेळी हसणं आपोआप थांबलं आणि आमीन हळू आली. शेवटी निर्माता. सोनेरी अक्षरांत हाज बस्तवीसी, आणि खाली: 'हे परमेश्वरा, याची मूठ सैल कर.'

त्या आमीनला थिएटर उभं राहिलं. स्टुडिओचे सुतार, दिवेवाले, शिंपी सगळे कुटुंबासकट आले होते, ते तर दोन्ही हात वर करून म्हणाले.

मी उस्तादांकडे बघितलं. ते खुर्चीत इतके खाली सरकले होते की नुसता कपाळावरचा चष्मा दिसत होता. त्यांचे ओठ हलत होते. काम गेलं ते गेलंच, पण शेखांना दिलेला शब्द हजार माणसांपुढे मोडला, तेही भाकरीएवढ्या अक्षरांत, हे त्यांना लागलं होतं.

उम्म रावया पुढे झुकली. तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर.

"तिच्या झोपेची काळजी," ती म्हणाली. "आणि इथे तुमच्या घोरण्याने मी सत्तावीस वर्षं जागी आहे, रावयाचे बाबा. माझ्यासाठी कधी निळी पेन्सिल उचललीत?"

उस्ताद म्हणाले, "तुझं नाव पडद्यावर नसतं गं."

"म्हणजे आता मी नाचायला शिकू?"

मध्यंतरात जिन्यापाशी हाज बस्तवीसी जे बोलले ते बाहेर रस्त्यावर फुगेवाल्यालाही ऐकू गेलं. त्याचं सार एवढंच की उद्यापासून स्टुडिओच्या फाटकात दिसू नकोस. संगीतकार तर हातातली छत्री उगारून आला होता, वहबाने मध्ये पडून धरली. उस्तादांनी सगळं मान खाली घालून ऐकलं, आणि हाजना ईदच्या शुभेच्छा देऊन आम्ही घरी आलो.

आठवडाभर ते दारातून बाहेर पडले नाहीत. बाहेर मात्र वेगळंच चाललं होतं. लोक दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा सिनेमाला जात होते, आणि नावं संपली की निम्मे उठून पुढच्या खेळाचं तिकीट काढत होते. अदहम सिर्री खरोखर टांट्याला गेला. न जाऊन सांगतो कुणाला, चहावाल्यापासून पोलिसापर्यंत जो भेटे तो विचारी, आई कशी आहे. ज्यांच्या नावाखाली दुआ आखूड होती ते रुसले. एका खलनायकाने निरोप पाठवला की नायकाला पूर्ण ओळ आणि मला तीन शब्द, हा कुठला न्याय.

मग हाज बस्तवीसींनी उस्तादांना बोलावलं. खुर्ची दिली, कॉफी दिली. म्हणाले, झालं गेलं विसरू, पुढच्या सिनेमाची नावं तूच कर. फक्त दुआ मोठ्या हव्यात, निळ्यात नकोत, सोन्यात हव्यात. आणि जरा चुरचुरीत. कोणासाठी काय मागायचं ते मी सांगत जाईन.

घरी परत आलेल्या उस्तादांकडून हे ऐकून उम्म रावयाने चूल पेटवली आणि कोशरीसाठी, म्हणजे तिथल्या डाळभातासाठी, कांदा तळायला घेतला. मग तिने विचारलं की कधीपासून सुरू. उस्ताद म्हणाले, मी नाही म्हणून आलो.

कांदा करपला.

तिने जे तोंड सोडलं ते मी इथे लिहीत नाही. भाचा, शिडी, दुकानाच्या पाट्या, गरगरणं, सगळं आलं त्यात. उस्ताद एवढंच म्हणाले, "दाखवायला मागितली की ती दुआ राहत नाही, जाहिरात होते. एकदा चुकून शब्द मोडला. आता पगार घेऊन मोडू?"

मला दोघांचंही पटत होतं. बायकोचं जास्त, कारण डबे तिला भरायचे होते. पण संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना मी उस्तादांसाठी हात जोडले, आणि ते कोणाला सांगितलं नाही.

चार दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, नवारा हिल्मी आमच्या जिन्याने वर आली. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला रुमाल, पण पहिल्या मजल्यापासूनच बायका दारांत उभ्या. उस्ताद स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते. ती त्यांच्यासमोर स्टुलावर बसली. मी आणि उम्म रावया तिथेच, उगीच तांदूळ निवडत.

ती हळू आवाजात बोलत होती. म्हणाली की वीस वर्षं या धंद्यात आहे. मला लोक विचारतात, नवा सिनेमा कोणता, किती घेतेस, लग्न का मोडलं. मी झोपते की नाही हे आईनंतर कोणी विचारलं नाही. "तुम्हाला कसं कळलं?"

उस्तादांना फार संकोच झाला. ते म्हणाले, "तुमच्या फोटोत दिसतं. रंगभूषा डोळ्यांखाली जाड बसते."

"मग लागली का झोप?" हे अर्थात उम्म रावयाने विचारलं.

"नाही," नवारा म्हणाली, आणि हसली.

उम्म रावयाचं वागणं मी नेहमी असंच पाहिलंय. तोंडाने दहा मिनिटं भांडेल आणि हात तेवढ्यात चहा करतील. तिने तांदूळ बाजूला ठेवले, बडीशेपेसारखं असतं ते यान्सून उकळलं, त्यात साखर घातली आणि नवाराला बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर नेऊन बसवलं. हे पी, म्हणाली, आणि पाय वर घे, इथे कोणी फोटो काढत नाही. मग ती स्वतः तिच्या शेजारी बसून आपल्या जावेची कहाणी सांगू लागली. ती कहाणी मी अनेकदा ऐकली होती. तिला शेवट नाही.

पाव तासात नवारा हिल्मी तोंड उघडं टाकून झोपली.

मग आमच्या इमारतीने जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. उम्म रावयाने दारात येऊन फक्त बोट ओठावर ठेवलं, आणि निरोप मजल्यामजल्याने खाली गेला. नळ बंद झाले. पहिल्या मजल्यावरचा रेडिओ बंद. खाली डाळीचे वडे तळणाऱ्याला सांगितलं, तू ओरडू नकोस, वास पुरे आहे. रॉकेलची गाडी आली, तर दोघा बायकांनी पुढे जाऊन गाढवाचं तोंड धरलं आणि त्याला चारा भरवत गल्लीबाहेर नेलं. शाळेतून पोरं आली ती हातात बूट घेऊन जिना चढली.

दोन वाजता हाज बस्तवीसी आले. स्टुडिओत पन्नास माणसं नवाराची वाट बघत बसली होती. जिन्यातून त्यांनी तोंड उघडलं मात्र, वर-खाली सगळ्या मजल्यांवरून श्श आलं. माणूस जागच्या जागी थिजला. त्यांनी दारातून डोकावून पाहिलं, दिवाणावर झोपलेली नायिका बघितली, आणि पायरीवर बसले. त्यांच्या शेजारी उस्ताद बसले. एक पायरी वर उम्म रावया, आणि आमच्या दाराशी मी.

हाजना कुजबुजता येत नव्हतं. कधी गरजच पडली नसावी. त्यांचा आवाज गळ्यात अडकून शिट्टीसारखा यायचा, आणि ते स्वतःच दचकायचे.

त्यांनी शिट्टीत विचारलं की उठेल कधी.

उस्ताद म्हणाले, झोप मागितली होती, किती तास ते लिहायचं राहिलं.

हाजनी कपाळ पुसलं. मग म्हणाले की ती म्हणते पुढच्या सिनेमात माझं नाव याच माणसाने लिहिलं पाहिजे, नाहीतर सही करणार नाही. सकाळी फोन करून तेवढंच बोलली आणि इकडे आली. तर तू अट सांग, दसूकी. पण लोकांना दुआ हव्यात, लोक त्यासाठी येतात.

"मी नावं लिहीन," उस्ताद म्हणाले. "दुआही लिहीन. दिसणार नाहीत."

"नव्या फिल्मला सगळं दिसतं, तूच दाखवून दिलंस."

उस्ताद उठले, पाय न वाजवता आत गेले आणि टेबलावरचे तीन पुठ्ठे घेऊन आले. गेले चार दिवस ते काय करत होते ते तेव्हा कळलं. पांढऱ्या पुठ्ठ्यावर आधी निळ्याने दुआ लिहायची, मग तिच्यावर सबंध पुठ्ठा भरून रंगाचा जाड हात द्यायचा, आणि तो सुकला की वर पांढऱ्याने नाव. एक पुठ्ठा लाल, एक गर्द हिरवा, एक चॉकलेटी. आजूबाजूला रेघ नाही, फूल नाही, काही नाही. नुसता रंग, आणि मधोमध नाव, जसं कोणी दार उघडून उभं राहावं.

हाज बराच वेळ बघत बसले. त्यांना सिनेमातलं कळत होतं, हे मी त्यांच्या बाजूने सांगायला हवं. भाच्याच्या छापील अक्षरांनी हे झालं नसतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी लाल पुठ्ठा उन्हाकडे धरून मागून बघितला, काही दिसतं का. काही दिसलं नाही.

"हा कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"तुमचा."

"काय लिहिलंयस?"

"ते तुम्हाला कळायचं नाही, हीच अट."

हाजना ओरडावंसं वाटलं, ते मानेच्या शिरेवरून कळलं. पण आत नायिका झोपली होती आणि सगळ्या मजल्यांवर लोक श्वास धरून उभे होते. ओरडता येत नसलेला माणूस फार वेळ नाही म्हणू शकत नाही. त्यांनी मान हलवली. उम्म रावयाने लगेच वरच्या पायरीवरून कुजबुजत सांगितलं की हे मी ऐकलंय आणि या बहिणीनेही ऐकलंय. माझ्याकडे बोट दाखवून.

नवारा साडेतीनला उठली, वडे खाऊन गेली.

तो पुढचा सिनेमा आणि त्यानंतरचे एकोणतीस उस्तादांनीच केले. रंग ते कसे निवडत ते मला माहीत आहे, कारण परीक्षा आमच्या मजल्यावरच व्हायच्या. लाल पहिल्याच हातात निळं झाकतो. हिरव्याला दोन हात लागतात. चॉकलेटी चांगला, पण सुकायला वेळ. माणूस जितका अवघड तितकी दुआ लांब, आणि दुआ लांब असली की रंग गडद घ्यावा लागे. वर्तमानपत्रांत लिहून यायचं की दसूकी खलनायकांना गडद रंग देतात, केवढी ही दृष्टी. उस्ताद ते कात्रण वहबाला वाचून दाखवायचे आणि दोघं खोकला येईपर्यंत हसायचे.

म्हातारपणी एकदा सिनेमाच्या शाळेतली एक मुलगी वही घेऊन त्यांच्याकडे आली. तिने सगळे तीस सिनेमे बघितले होते. तिने विचारलं की तुमच्या एकाही नावामागे पिवळा नाही, यामागे काय विचार आहे? वाळवंटाचा रंग म्हणून टाळलात, की मत्सराचा म्हणून?

उस्तादांनी चष्मा खिशात शोधला, मग कपाळावर सापडला, आणि तिच्याकडे नीट बघून म्हणाले, "पिवळा पातळ असतो, बाळ."

तिने ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि वहीत लिहायला त्यांचं पूर्ण नाव विचारलं तर उस्ताद म्हणाले, माझं नको, तुझं सांग. तिने सांगितलं. ते त्यांनी हाताशी असलेल्या कागदावर बोरूने लिहून तिला भेट दिलं, लाल रंगावर, आणि रंग सुकेपर्यंत तिला चहासाठी थांबवून घेतलं.